घरच्या राउटरचं घड्याळ आणि बाहेरून आत येण्याची वाट

गावी आईवडील, मुलगा पुण्यात किंवा थेट न्यू जर्सीत. घरचं वायफाय अडखळलं की फोन येतो आणि ‘कोणता दिवा लाल आहे?’ इथपासून चौकशी सुरू होते. राउटरची सेटिंग्ज लांबून बघता आली तर यातला बराच त्रास वाचतो. त्यासाठी राउटरमध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’ नावाची सोय असते. ती कशी लावायची, कोणत्या राउटरवर अजिबात लावायची नाही आणि तिला हात घालण्याआधी राउटरचं घड्याळ का बरोबर करायचं, याची ही माहिती.

उदाहरणाला टीपी-लिंक घेतलं आहे: जुना टीएल-डब्ल्यूआर८४१एन, जो आजही असंख्य घरांत चालू आहे, आणि नव्या आर्चर मालिकेतले राउटर. दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर मेनूची नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. राउटरचा पडदा इंग्रजीत असतो. इथे मेनूची नावं, पत्ते आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा.

आत शिरण्याआधी

राउटर उलटा करा आणि खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मॉडेलच्या नावाशेजारी ‘व्हर्जन’ म्हणून छोटा आकडा असतो, तो फार महत्त्वाचा. एकाच नावाच्या मॉडेलच्या दहा-बारा हार्डवेअर आवृत्त्या असतात आणि एकीचं फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) दुसरीला चालत नाही.

शक्य असेल तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. मोबाइलवरून करणार असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन मधेच वायफाय सोडून डेटावर जातो आणि पान उघडत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.०.१ टाका. भलत्याच कंपनीचं पान उघडलं किंवा काहीच उघडलं नाही, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ समोरचा पत्ता बघा. तोच तुमच्या राउटरचा पत्ता.

बऱ्याच घरांत डबे दोन असतात: एक फायबरवाल्याने बसवलेला, दुसरा आपण विकत आणलेला. आपण कोणत्या डब्यात शिरलो आहोत हे इथेच पक्कं करा. पुढचा सगळा हिशोब त्यावर चालतो.

आत गेल्यावर पहिलं काम पासवर्डचं. जुन्या ८४१एनला नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतात; नवे राउटर पहिल्याच वेळी स्वतःचा पासवर्ड ठेवायला लावतात. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांना दिलेला वायफायचा पासवर्डच इथे वापरू नका. २०१७ च्या जुलैमध्ये भारतात बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. त्याला आत शिरायला कसलीही करामत लागली नव्हती, कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

दुसरं काम फर्मवेअरचं. ८४१एनच्या आवृत्ती ८ आणि १० मध्ये बाहेरून आज्ञा घुसवता येण्याची त्रुटी आहे. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२५ च्या जूनमध्ये ती ‘प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या’ त्रुटींच्या यादीत घातली. तुमच्या स्टिकरवर यातला आकडा असेल तर घड्याळ जरूर लावा, पण रिमोट मॅनेजमेंटचा विचार सोडा आणि राउटर बदलायचं मनावर घ्या.

आधी घड्याळ

मोबाइल बंद करून चालू केला तरी वेळ बरोबर दाखवतो. घरगुती राउटरला ते जमत नाही, कारण घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी त्यात सहसा नसतेच. वीज गेली की वेळ पुसली जाते. वीज आल्यावर राउटर आपल्या शून्यापासून मोजायला लागतो आणि बहुतेक राउटरांचा शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. भारताचा टाइम झोन लावलेला असेल तर लॉगमधल्या (राउटरच्या नोंदवहीतल्या) पहिल्या नोंदी ‘१९७०-०१-०१ ०५:३०:१४’ अशा दिसतात. पहाटेचे साडेपाच कुठून आले? ग्रीनिचला मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. ही तारीख दिसली की समजायचं, राउटरला इंटरनेटवरून अजून वेळ मिळालेली नाही. (काही फर्मवेअर १९७० ऐवजी स्वतः तयार झाल्याच्या तारखेपासून सुरुवात करतात. ती तारीखही जुनीच असते.)

इंटरनेट तरीही चालतं, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. बिघडतं ते दुसरीकडे. मुलांसाठी ‘रात्री १० ते सकाळी ६ बंद’ असा नियम लावलेला असतो आणि तो भलत्याच वेळी लागू होतो किंवा लागतच नाही. रात्री आपोआप रीस्टार्ट व्हायचं ठरवलेलं असतं, राउटर भर दुपारी परीक्षेचा फॉर्म भरताना बंद पडतो. राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची कुलूपबंद वाट) असेल तर प्रमाणपत्राची (समोरचा खरा असल्याच्या डिजिटल ओळखपत्राची) तारीख जुळत नाही आणि जोडणी नाकारली जाते. रिमोट मॅनेजमेंटच्या दृष्टीने सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरून कोणी पासवर्ड मारून बघितला तर लॉगमध्ये ते दिसतं, पण कधी ते कळत नाही. म्हणून घड्याळ आधी.

जुन्या ८४१एनवर डावीकडच्या यादीत ‘सिस्टिम टूल्स’, त्याखाली ‘टाइम सेटिंग्ज’. नव्या आर्चरवर वर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम टूल्स’, आणि तिथे ‘टाइम सेटिंग्ज’ किंवा ‘टाइम अँड लँग्वेज’.

टाइम झोनमध्ये ‘जीएमटी +०५:३०’ निवडा. शेजारी कलकत्ता, चेन्नई, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात. यादीत याच्या वर ‘+०५:००’ म्हणजे कराची-इस्लामाबाद आणि खाली ‘+०५:४५’ म्हणजे काठमांडू. घाईत एक ओळ चुकली की सगळे नियम अर्धा तास किंवा पाव तास सरकतात, आणि एवढा छोटा फरक महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. हा अर्धा तास तसा सगळ्यांच्या सहज पचनी पडलेला नाही. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहराने ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवली होती. राउटरमध्ये मात्र मुंबई आणि कलकत्ता एकाच ओळीत आहेत.

‘डेलाइट सेव्हिंग’ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) भारतात बंद. तुम्ही स्वतः अमेरिकेत असाल आणि तिथल्या घरचा राउटर लावत असाल तर ते चालू करावं लागेल: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.

आता वेळ आणायची कुठून? त्यासाठी ‘एनटीपी सर्व्हर १’ आणि ‘२’ (इंटरनेटवरून वेळ देणारे संगणक) अशा दोन जागा असतात. नव्या राउटरांत नाव टाकता येतं. भारतात ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग’ हा नेहमीचा पर्याय. भारतीय प्रमाणवेळ राखणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग’ या नावाने सर्व्हर चालवते, तो दुसऱ्या जागी ठेवा. जुन्या ८४१एनवर मात्र या जागांत ०.०.०.० दिसतं आणि तिथे फक्त आयपी पत्ता (आकड्यांचा पत्ता) चालतो. तिथे गूगलच्या टाइम सर्व्हरचे २१६.२३९.३५.० आणि २१६.२३९.३५.४ हे दोन पत्ते टाका. दोन्ही गूगलचेच टाका, एक गूगलचा आणि एक दुसऱ्याचा असं करू नका. लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) आला की गूगल तो दिवसभरात थोडाथोडा पसरून टाकतं आणि बाकीचे सर्व्हर एकदम धरतात, त्यामुळे तेवढ्या वेळेपुरतं दोघांत एकमत राहत नाही.

‘सेव्ह’ दाबा, मग जुन्या राउटरवर ‘गेट जीएमटी’ आणि नव्यावर ‘गेट फ्रॉम इंटरनेट’ किंवा ‘ऑब्टेन’. काही सेकंदांत वर दिसणारी वेळ मोबाइलच्या वेळेशी जुळली पाहिजे.

याच पानावर ‘गेट फ्रॉम पीसी’ किंवा ‘मॅनेजिंग डिव्हाइस’ असंही बटण काही राउटरांत असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. ते समोरच्या संगणकाची वेळ जशीच्या तशी उचलतं. कॅलिफोर्नियातून साताऱ्याचा राउटर लावताना हे बटण दाबलं तर तो राउटर उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे जाईल. शिवाय वीज गेली की तीही वेळ पुसली जाणार. राउटर जिथे भिंतीला लटकला आहे तिथली वेळ त्याला हवी, तुमच्याकडची नव्हे.

वेळ येत नसेल तर क्रमाने बघा. इंटरनेट चालू आहे का? राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर डीएनएसचे (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते भरलेले आहेत का? ते नसतील तर सर्व्हरचं नाव सापडणार नाही, आयपी पत्ता टाकून बघा. राउटरवर ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ (कुलूपबंद डीएनएस) लावलेलं आहे का? मग एक गाठ बसू शकते: घड्याळ १९७० मध्ये असल्यामुळे प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं वाटतं, म्हणून डीएनएस चालत नाही, डीएनएस नाही म्हणून टाइम सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि म्हणून घड्याळ १९७० मध्येच. ही गाठ आयपी पत्त्यानेच सुटते. एवढं करूनही जमलं नाही, तर पुढचा डबा किंवा इंटरनेट कंपनी यूडीपी १२३ हा पोर्ट (आकड्याने ओळखलं जाणारं दार; वेळ याच दाराने येते) अडवत असण्याची शक्यता धरा.

शेवटी खरी परीक्षा: राउटरची पिन काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. पाच मिनिटांनी पान उघडून वेळ बघा. वीज आल्यावर फायबरचा डबा सुरू व्हायला राउटरपेक्षा जास्त वेळ घेतो. तोवर राउटर १९७० मध्ये असणार, हे ठीक आहे. पाच मिनिटांनंतरही तिथेच असेल तर वरची यादी पुन्हा बघा. वीज सारखी जाणाऱ्या गावात राउटर आणि फायबरचा डबा या दोघांसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर हा प्रश्न बराच कमी होतो. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर तपासा. काही राउटर ९ व्होल्टवर चालतात.

बाहेरून पोचता येतं का, ते आधी बघा

रिमोट मॅनेजमेंट चालू केलं, पोर्ट टाकला, सेव्ह केलं, आणि बाहेरून काहीच उघडत नाही. नव्याने लावणाऱ्यांची बहुतेक रड हीच असते आणि कारण राउटरमध्ये नसतंच.

‘स्टेटस’ पानावर ‘वॅन’ (राउटरची इंटरनेटकडची बाजू) किंवा ‘इंटरनेट’ खाली जो आयपी पत्ता दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये आपला सार्वजनिक आयपी पत्ता दाखवणारी कोणतीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर वाट मोकळी आहे. वेगळे असतील तर वॅनचा पत्ता कशाने सुरू होतो ते बघा:

१९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमचा राउटर फायबरवाल्याच्या डब्यामागे आहे. तो डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे डबा फक्त जोडणी पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून घ्यावा लागेल, किंवा त्यातून पोर्ट पुढे पाठवावा लागेल.

१००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं ठेवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. १० ने सुरू होणारा पत्ताही बहुधा हेच सांगतो. इथे राउटरमध्ये काहीही केलं तरी बाहेरून थेट येता येणार नाही. कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, किंवा पुढे दिलेला अ‍ॅपचा मार्ग धरा.

तीन वाटा, आणि कोणती कोणासाठी

आईवडिलांच्या घरचा राउटर अधूनमधून बघायचा, वायफायचा पासवर्ड बदलायचा, रीस्टार्ट करायचा, एवढंच काम असेल तर कंपनीचं अ‍ॅप पुरतं. टीपी-लिंकचं ‘टेथर’ घ्या. घरच्या वायफायवर असतानाच राउटर आपल्या टीपी-लिंक खात्याशी जोडून ठेवा, मग बाहेरूनही तो दिसतो. इथे राउटर स्वतः बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही आणि पोर्टही उघडावा लागत नाही. त्या खात्याचा पासवर्ड मात्र तगडा हवा, कारण घराची किल्ली आता तिथे आहे. जुन्या ८४१एनला ही सोय नाही.

घरातला कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, संगणक वगैरेही बघायचे असतील तर व्हीपीएन. बऱ्याच आर्चर मॉडेलांत ओपनव्हीपीएन सर्व्हर असतो (पोर्ट यूडीपी ११९४). प्रमाणपत्र तयार करायचं, फाइल उतरवून मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये टाकायची. एकदा जोडलं की राउटरचं पान घरात बसल्यासारखं १९२.१६८.०.१ वर उघडतं. घड्याळ आधी लावून घेतल्याचा उपयोग इथे होतो. यालाही सार्वजनिक पत्ता लागतोच.

तिसरी वाट म्हणजे राउटरचं पान थेट इंटरनेटवर उघडणं. मेनूत ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणतात ते हेच. आमच्या मते घरगुती वापरासाठी ही शेवटची वाट आहे. तरी लागलीच तर अशी लावा.

थेट रिमोट मॅनेजमेंट

नव्या आर्चरवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. तिथे आधी ‘लोकल मॅनेजमेंट’मध्ये ‘एचटीटीपीएस’ (पासवर्ड वाटेत कुलूपबंद ठेवणारी पद्धत) चालू करा. मग खाली ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू करा, पोर्ट १०२४ ते ६५५३५ मधला ठेवा, आणि ‘ऑल डिव्हाइसेस’ ऐवजी ‘स्पेसिफाइड डिव्हाइस’ निवडून तुमच्या ऑफिसचा किंवा घरचा स्थिर आयपी पत्ता द्या. या शेवटच्या गोष्टीत खरी सुरक्षा आहे. पोर्टचा आकडा बदलल्याने फक्त येणारे-जाणारे कमी होतात. सगळे पोर्ट चाचपणारी यंत्रं इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात.

जुन्या ८४१एनवर ‘सिक्युरिटी’, ‘रिमोट मॅनेजमेंट’. इथे दोनच जागा आहेत आणि दुसरीचा अर्थ ठाऊक नसेल तर घात होतो. ‘रिमोट मॅनेजमेंट आयपी अ‍ॅड्रेस’मध्ये ०.०.०.० म्हणजे बंद. २५५.२५५.२५५.२५५ म्हणजे जगातल्या कोणालाही परवानगी. बऱ्याच ठिकाणी ‘हा आकडा टाका, चालू होईल’ एवढंच सांगितलेलं असतं आणि लोक टाकून मोकळे होतात. तो टाकू नका. ज्या एका पत्त्यावरून येणार तोच द्या. शिवाय हा राउटर बाहेरून एचटीटीपीएस देत नाही, म्हणजे पासवर्ड वाटेत उघडाच प्रवास करतो. काम झालं की परत ०.०.०.०.

घरचा सार्वजनिक पत्ता दर काही दिवसांनी बदलत असेल तर ‘डायनॅमिक डीएनएस’ पानावर टीपी-लिंकचं किंवा ‘नो-आयपी’ या सेवेचं नाव घ्या. पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं.

तपासणी घरच्या वायफायवरून करू नका. काही राउटर आतून बाहेरचा पत्ता उघडू देतात, काही देत नाहीत, म्हणून निकालावर भरवसा नाही. मोबाइलचं वायफाय बंद करा आणि डेटावर ‘एचटीटीपीएस’ (जुन्या ८४१एनवर ‘एचटीटीपी’), सार्वजनिक पत्ता, कोलन (:) आणि पोर्ट असं टाका. एकच पत्ता दिलेला असेल तर मोबाइल डेटावरून पान उघडता कामा नये. उघडलं नाही म्हणजे नियम नीट लागला. मग ठरलेल्या जागेवरून उघडून बघा. ब्राउझर प्रमाणपत्राचा लाल इशारा दाखवेल, कारण राउटरने ते स्वतःच बनवलेलं असतं. पत्ता तुमचाच आहे याची खात्री करून पुढे जा.

एक गैरसमज. फायबरवाल्याच्या डब्यात ‘टीआर-०६९’ किंवा ‘सीडब्ल्यूएमपी’ दिसलं तर ते तुमचं रिमोट मॅनेजमेंट नव्हे. कंपनी त्यातून डब्याची सेटिंग्ज पाठवते. ते बंद केलं तर प्लॅन बदलल्यावर किंवा तक्रार दिल्यावर कंपनीला आत येता येणार नाही. कंपनीचा डबा असेल तर तिथे हात लावू नका.

लांबून करायची नाहीत अशी कामं

वॅनची सेटिंग्ज, पीपीपीओईचा (इंटरनेट कंपनीच्या जोडणीचा) पासवर्ड, ऑपरेशन मोड आणि फर्मवेअर अपडेट ही कामं लांबून करू नका. ज्या फांदीवर बसलात तीच तोडण्याचा प्रकार आहे. सेव्ह दाबलं की जोडणी तुटते आणि परत आत जायला घरात कोणीतरी लागतं. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर राउटर उठणारही नाही. ही कामं सुट्टीला घरी गेल्यावर, केबल लावून.

लॉग महिन्यातून एकदा उघडा: ‘सिस्टिम टूल्स’ किंवा ‘सिस्टिम’खाली ‘सिस्टिम लॉग’. तारीख आजची आहे ना, ते आधी बघा. मग तुम्ही आत गेला नव्हतात त्या वेळांचे लॉगिन शोधा.

सगळं लावून झालं की ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मधून सेटिंग्जची फाइल उतरवून घ्या, टाइम झोन, सर्व्हर, रिमोटचे नियम सगळं तीत येतं. ८४१एनच्या मागे डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) आणि रीसेट एकाच बटणावर आहेत. कोणी ते दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, तुमची बाहेरची वाटही बंद होते. म्हणून घरी एक कागद राउटरशेजारी चिकटवा: ‘वायफाय बंद पडलं तर दोन्ही पिना काढा, एक मिनिट थांबा, आधी फायबरच्या डब्याची लावा, दिवे स्थिर झाले की राउटरची. मागचं बारीक बटण दाबू नका.’